रुतलेल्या गाडीसाठी परवडणारा जॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की गडांच्या वाटा, कोयनेकडची खोरी, मराठवाड्यातली शेतं इथे गाड्या घेऊन जाणारी मंडळी एकच गोष्ट विचारतात : कमी पैशात कोणता जॅक घेऊ? मी स्वतः बरीच वर्षं जुन्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीपासून आताच्या गाडीपर्यंत हे सगळं करत आलोय. जे हाताने वापरलंय आणि जिथे चुकलोय, ते इथे लिहितोय.

गाडीबरोबर कंपनीचा जॅक आलाच आहे. वेगळा कशाला?

तो जॅक डांबरी रस्त्यावर पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता असतो. बहुतेक गाड्यांबरोबर सिझर जॅक, म्हणजे स्क्रू फिरवून कात्रीसारखा उघडणारा जॅक येतो. त्याची बैठक तळहाताएवढी आणि उंची मोजून-मापून, म्हणजे कडक जमिनीवर चाक जेमतेम सुटेल एवढीच. चिखलात ही बैठक आधी आत जाते, मग तिरकी होते, आणि तिरक्या सिझर जॅकवर वजन आलं की तो कोलमडतो. त्याचा स्क्रू उघडा असल्यामुळे वाळू-माती लागली की फिरवताना दातओठ खावे लागतात. तो फेकून देऊ नका, गाडीतच राहू द्या. पण आडवाटेला त्याच्या भरवशावर जाऊ नका.

रुतलेली गाडी ओढून काढायची असते ना? जॅकचं काय काम?

दुसरी गाडी सोबत असेल, टोचन लावायला मजबूत हूक असेल आणि ओढायला सरळ वाट असेल, तर जरूर ओढा. यातलं एक जरी नसेल तर जॅक लागतो. आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं असेल, तर ओढणं म्हणजे लोखंडी नांगर मातीतून फरफटत नेणं. त्यात हूक तुटतो, नाहीतर ओढणारी गाडीही रुतते.

जॅकचं काम साधं आहे. रुतलेलं चाक वर उचलायचं, खालचा खड्डा दगड, फळी, फांद्या जे मिळेल त्याने भरायचा, चाक पुन्हा खाली सोडायचं. आता चाक खड्ड्यात नसतं, भरावावर असतं. एवढ्यावर बऱ्याच गाड्या स्वतःच्या जोरावर बाहेर येतात.

पण जॅक काढण्याआधी दोन गोष्टी करून बघा. टायरची हवा १८ पीएसआयच्या आसपास आणा आणि चाकापुढची माती फावड्याने मोकळी करा. अर्ध्याअधिक वेळा तिथेच काम होतं. पुढे हवा भरायला पंप सोबत हवा, हे मात्र विसरू नका.

किती टनांचा घ्यावा?

दुकानात पहिला प्रश्न हाच असतो आणि माझ्या मते तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. जिम्नी रिकामी साधारण १२०० किलो भरते, थार १७०० च्या पुढे. थारमध्ये माणसं-सामान भरून २२०० किलो धरले, तरी मागच्या एका चाकावर ६०० किलोच्या आसपास वजन येतं. आपण एका वेळी एकच चाक उचलतो. चिखल चाकाला धरून ठेवतो, त्याचा जोर वर धरा, तरी २ टनी जॅक पुरतो. मी ३ टनी घ्यायला सांगतो, कारण त्याची बैठक जरा रुंद असते आणि तो जोरावर चालवावा लागत नाही. १० टनी घेऊन फक्त वजन वाढतं आणि जॅकची बसकी (मिटलेली) उंचीही वाढते. ती उंचीच आपल्याला अडवते.

मग बघायचं काय?

तीन मापं : जॅक पूर्ण मिटल्यावर किती उंच, पूर्ण उघडल्यावर किती उंच, आणि खालची बैठक केवढी.

पहिलं माप लोक बघतच नाहीत, आणि तिथेच फसतात. जिम्नीचंच उदाहरण घेऊ. तिचा टायर १९५/८० आर १५. साइडवॉल सुमारे १५.६ सेंमी. टायरात हवा असताना अॅक्सलच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) नळीची खालची बाजू जमिनीपासून साधारण ३० सेंमीवर असते. टायर बसला की ती ८-१० सेंमी खाली येते, म्हणजे उरले २० सेंमी. आता चाक पाच-सात सेंमी जरी चिखलात गेलं, तरी उरतात १३ ते १५. बाजारातला साधा बाटली जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर दांडा वर करणारा) मिटलेला असताना १८ ते २० सेंमी असतो. त्याखाली ४ सेंमीची फळी घातली की २२ ते २४. जॅक अॅक्सलखाली जाणारच नाही. मग पावसात पालथं पडून खड्डा खणत बसायचं.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या गाडीच्या एका टायरची हवा पूर्ण काढा आणि टेपने अॅक्सलखालची जागा मोजा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते माप खिशात घेऊन गेलात की दुकानदार काय सुचवतो याला फारसं महत्त्व उरत नाही. दोन टप्प्यांत उघडणारा बाटली जॅक मिळाला तर थोडे जास्त पैसे घाला. तो मिटतो कमी, उघडतो जास्त.

अॅक्सलखाली लावायचा की चासीखाली?

जमेल तिथे अॅक्सलखाली. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, उचलली की आधी स्प्रिंग मोकळी होते आणि चाक आपल्या जागी लोंबत राहतं. बॉडी २० सेंमी वर आली तरी चाक पाचच सेंमी सुटलेलं असतं. बिचारा माणूस हँडल मारून मारून दमतो आणि गाडी मात्र नको तेवढी उंच होऊन डगमगायला लागते.

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आणि अखंड अॅक्सल, त्यामुळे काम सोपं. जिम्नीलाही दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहे. बोलेरो आणि नवी थार यांना मागे अखंड अॅक्सल, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. तिथे पुढच्या चाकासाठी खालच्या आर्मचा भक्कम भाग किंवा चासीच बघावी लागते. अॅक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावायचा मोह होतो, पण तिथे गाडी दोन्ही बाजूंना झुलते.

चासीखालीच लावायची वेळ आली तर एक युक्ती आहे. उचलण्याआधी रॅचेट पट्ट्याने अॅक्सल चासीला घट्ट बांधा. मग बॉडीबरोबर चाकही वर येतं.

बाटली जॅक घ्यावा की फार्म जॅक?

फार्म जॅक म्हणजे तो उंच, भोकाभोकांच्या लोखंडी पट्टीचा, लांब हँडलवाला. अमेरिकेत १९०५ पासून बनणारा हाय-लिफ्ट हा त्यातला मूळ. आपल्याकडे त्याच धर्तीचे स्वस्त जॅक मिळतात. तो जमिनीपासून वीतभरावरून थेट कमरेपर्यंत उचलतो. तेल नाही, सील नाही, बिघडला तर डोळ्याला दिसतो. चेन लावून गाडी इंच-इंच ओढताही येते. ४८ इंची जॅकचं वजन १३ किलोच्या आसपास.

हे सगळं खरं असूनही, पहिलाच जॅक घेणाऱ्या दहांतल्या आठ जणांना मी बाटली जॅकच घ्यायला सांगतो. तो अॅक्सलखाली बसतो, म्हणजे थोड्या उंचीत चाक सुटतं. वाल्व हळू सैल केला तर गाडी लोण्यासारखी खाली येते. शिवाय पैसेही कमी : साधा २-३ टनी बाटली जॅक हजार ते दोन हजारांच्या घरात येतो, तर देशी फार्म जॅकला त्याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात आणि मूळ हाय-लिफ्ट त्याहून बराच महाग.

फार्म जॅक कोणी घ्यावा? ज्याच्या गाडीला तो पकडायला जागा आहे, जो तो चालवायला शिकलाय, आणि ज्याची गाडी उंच केलेली आहे त्याने. नुसता टपावर शोभेला बांधायला घेऊ नका.

माझ्या गाडीला प्लास्टिकचा बंपर आहे. फार्म जॅक कुठे लावू?

सरळ उत्तर : कुठेच नाही. त्याची गाडी उचलणारी जीभ प्लास्टिकखाली गेली की बंपर निघून येतो, आणि दाराखालच्या पत्र्याच्या कडेखाली, म्हणजे सिलखाली गेली की सिल चेपते. परदेशात लोक लोखंडी बंपर बसवून त्याला खाच ठेवतात. आपल्याकडे बाहेरून बसवलेल्या बुलबार-क्रॅशगार्डविरुद्ध केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. तेव्हा जॅकसाठी बंपर बदलण्याच्या फंदात पडू नका.

एक वाट उरते. फार्म जॅकच्या जिभेला अडकवायचे दोन हूकचे पट्टे मिळतात. ते रिमच्या भोकांत अडकवून थेट चाकच उचलायचं. रुतलेल्या चाकासाठी हे उत्तम, कारण स्प्रिंग लोंबायचा प्रश्नच येत नाही. पण चाक बदलायला त्याचा उपयोग नाही, हे उघड आहे.

डस्टरसारख्या मोनोकॉक गाड्यांना वेगळी चासी नसते. त्यांच्यासाठी कंपनीने खूण केलेल्या जागाच वापरा आणि बाटली जॅकच्या डोक्यावर रबराचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवा.

फार्म जॅक जबडा फोडतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि हे उत्तर दोनदा वाचा. धोका चढवताना कमी, उतरवताना जास्त. उतरवण्यासाठी छोटी कळ खाली केली की गाडीचं वजन हँडलवर येतं. हँडल हातातून सुटलं तर ते स्वतःहून वर-खाली आपटत राहतं, गाडी खाली येईपर्यंत. त्याच्या वाटेत हनुवटी असेल तर संपलंच.

म्हणून कळ फिरवायची तेव्हा हँडल पट्टीला टेकवून उभं ठेवा. उतरवताना दोन्ही हातांनी घट्ट धरा, बाजूला उभे राहा, डोकं हँडलच्या वाटेवर येऊ देऊ नका. पट्टी आणि हँडल यांच्यामध्ये बोटं घालू नका. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते : साधारण ७० किलोपेक्षा कमी वजन असेल तर तो टप्प्याटप्प्याने उतरत नाही, धाडकन तळाला येतो. गाडी टेकल्यानंतरचा हा झटका पायावर घेतलेले लोक मी पाहिलेत.

स्वस्त फार्म जॅक घेताना पट्टी सरळ आहे का, आतल्या दोन पिना पुऱ्या आत जातात का, स्प्रिंगा ताज्या आहेत का, ते दुकानातच चालवून बघा. मूळ जॅकमध्ये अति वजन आलं तर आधी तुटावा असा एक खास बोल्ट असतो. तो तुटला म्हणून जागेवर कडक पोलादी बोल्ट घालू नका. मग बोल्टऐवजी जॅक तुटतो.

जॅकखाली काय ठेवू?

सगळ्या पानावरचं हे उत्तर माझ्या मते मोलाचं, कारण सगळ्यात स्वस्त वस्तूने सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

पाटण खोऱ्यात एका जुलैमध्ये भाताच्या खाचरांमधल्या गाडीवाटेवर माझं मागचं डावं चाक बसलं. नवाकोरा ३ टनी बाटली जॅक काढला, एक चपटा दगड खाली ठेवला आणि हँडल मारायला लागलो. दहा-बारा हात मारले. गाडी हलली नाही, दगड मात्र हळूहळू गाऱ्यात दिसेनासा झाला. त्यामागोमाग जॅकची बैठक, मग जॅकचं अर्धं अंग. इरलं डोक्यावर घेतलेले एक काका बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "पावनं, तुमी गाडी उचलत न्हाई, जॅक पेरताय. खाली कायतरी रुंद घाला." ते गोठ्याकडे गेले आणि सेंट्रिंगच्या फळीचा हातभर तुकडा घेऊन आले, कडांना सिमेंट लागलेला. जॅक उपसून काढायलाच वीस मिनिटं गेली. फळीवर ठेवल्यावर मात्र सात-आठ हातांत चाक वर. खाली दगड-पेंढा भरला आणि गाडी निघाली. तो तुकडा काकांनी परत घेतला नाही. आजही माझ्या गाडीत आहे.

यामागचा हिशेब सोपा आहे. फार्म जॅकची बैठक साधारण १८० चौरस सेंमी. ७०० किलो वजन त्यावर टाकलं तर प्रत्येक चौरस सेंमीवर जवळपास ४ किलो. तेच ३० बाय ३० सेंमीच्या फळीवर टाकलं तर पाऊण किलोच्या आसपास. ४० बाय ४० केली तर अर्ध्या किलोहून कमी. बाटली जॅकची बैठक फार्म जॅकपेक्षाही लहान, त्यामुळे त्याला फळी आणखीच गरजेची.

फळी १८-२० मिमीच्या मरीन प्लायचे दोन थर चिकटवून, स्क्रू मारून करा. एकच पातळ थर मधोमध मोडतो. वरच्या बाजूला जॅकच्या बैठकीभोवती पट्ट्या ठोका, म्हणजे ओल्या लाकडावरून तो सरकणार नाही. एका कोपऱ्याला भोक पाडून दोर बांधा. चिखलातून फळी उपसताना त्या दोराची किंमत कळते. वीट नको, जांभ्याचा चिराही नको, दोन्ही वजनाखाली फुटतात. उंची वाढवायची असेल तर लाकडाचे ठोकळे एकाआड एक आडवे-उभे रचा.

मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीत मात्र ही फळीही कधीकधी कमी पडते. तिथे आधी वरचा लोण्यासारखा थर फावड्याने बाजूला करा, खाली घट्ट लागेपर्यंत, आणि मग फळी टाका.

हवेच्या फुग्याचा एक्झॉस्ट जॅक कसा?

सायलेन्सरला नळी लावून धुराने फुगणारी ती मोठी पिशवी. मऊ जमिनीसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण पिशवीची बैठकच दीड-दोन फुटांची असते. काळ्या मातीत आणि वाळूत तो बुडत नाही. पण खाली बांबूचा कोंब, धारदार जांभा किंवा वर गरम सायलेन्सर लागला की पिशवी गेली. सायलेन्सरचं तोंड वाकडं किंवा दोन तोंडं असतील तर नळी नीट बसत नाही. मोठ्या कंप्रेसरने भरायची सोय असलेला घ्या. उचललेली गाडी त्यावर झुलते, म्हणून चाक बदलायला तो वापरू नका. पहिला जॅक म्हणून मी हा सुचवणार नाही.

गॅरेजमधला चाकांचा ट्रॉली जॅक नेला तर?

घरी ठेवा. चिखलात त्याची छोटी चाकं फिरत नाहीत, आणि गाडी वर येताना तो पुढे सरकला नाही तर जागेवरून निसटतो.

जुना जॅक बाजारातून घ्यावा का?

बाटली जॅक असेल तर जरूर बघा. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावाजवळच्या ट्रकच्या भंगारवाल्याकडे चांगले जुने जॅक मिळतात. दांडा पूर्ण वर काढा. त्याच्या चकाकीवर गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, ते खड्डे सील कापतात. मग एखाद्या उभ्या गाडीखाली लावून थोडं उचला, दांड्यावर खडूची रेघ मारा आणि चहा पिऊन या. रेघ खाली गेली असेल तर आतून गळतोय. सील बदलून मिळतं, पण तो खर्च भावात धरा.

तेल कमी असेल तर जॅकचंच हायड्रॉलिक तेल घाला. ब्रेक ऑइल घातलं तर रबरी सील फुगून खराब होतात. एकदा एका गॅरेजवाल्याने माझ्या जॅकमध्ये तेच भरलं होतं, आणि मला ते कळलं ऐन घाटात.

जुना फार्म जॅक मात्र ओळखीच्या माणसाचाच घ्या. वाकलेली पट्टी सरळ करून रंग मारून विकलेली ओळखणं अवघड असतं.

पावसाळ्यात जॅकची काळजी कशी घेऊ?

बाटली जॅक : दांडा पूर्ण आत, वाल्व बंद, उभा ठेवलेला. वापरून झाला की दांडा पुसून मगच मिटवा, नाहीतर चिकटलेली वाळू सीलमधून आत जाते. फार्म जॅकच्या पिनांत चिखल बसला तर डिझेलने धुवा, वाळवा आणि पातळ तेल द्या. घट्ट ग्रीस नको, त्याला धूळ चिकटून पिना अडकतात. गाडीत त्याला पट्ट्याने आवळून बांधा. मोकळं १३ किलोचं लोखंड अपघातात काय करेल याचा विचार करा.

आणि किनाऱ्यावरून आलात तर गोड्या पाण्याने धुवाच. तसं गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे, आणि भरतीच्या वेळी ओल्या वाळूत बसलेली गाडी जॅकने काढायला वेळ पुरत नाही.

चाक वर आहे तेवढ्यात खाली शिरून माती काढली तर चालेल का?

नाही. एका जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं, छाती किंवा खांदा जाता कामा नये. खड्डा भरायचा तोही फावड्याने किंवा पायाने ढकलून. दुसऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी फोर बाय फोर असेल तर फोर-लोमध्ये (चारही चाकांच्या सगळ्यात जोरदार गिअरमध्ये) टाका, आणि स्टेपनी काढून सिलखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी स्टेपनीवर बसते.

जुन्या जीप असलेल्यांसाठी वेगळं सांगतो. काही जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागच्या शाफ्टवर असतो. त्यांचं मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे हँडब्रेक धरतच नाही आणि गाडी उतारावर चालायला लागते. दगड लावल्याशिवाय त्यांना हातही लावू नका.

एकूण किती पैसे बाजूला ठेवू?

तीन-साडेतीन हजारांत माझ्या मनासारखा संच होतो : ३ टनी बाटली जॅक, दोन थरांची फळी, चार लाकडी ठोकळे, छोटं फावडं, रॅचेट पट्टा आणि जाड हातमोजे. पैसे कमी पडले तर जॅक जुना घ्या, पण फळी आणि फावडं सोडू नका.

जॅक घरी आणला. आता?

येत्या रविवारी अंगणात किंवा सोसायटीमागच्या मातीच्या जागेवर गाडी न्या. एका टायरची हवा काढा, खाली फळी टाका, अॅक्सलखाली जॅक लावा आणि चाक सुटेपर्यंत उचलून पुन्हा खाली सोडा. घरातल्या जो कोणी गाडी चालवतो त्याच्याकडूनही एकदा करून घ्या. जॅक बरोब्बर जिथे बसला त्या जागेवर पांढऱ्या रंगाची खूण करा, चारही चाकांपाशी. अंधारात, पावसात, टॉर्च दातांत धरून जागा शोधताना ती खूण दिसते.